वरच्या पट्टीतला फोल्डओव्हर: 20 इंची मॉनिटरचं काम कुठवर आलं

स्ट्रीट फायटर 2 या आर्केड गेमच्या कॅबिनेटमधल्या (नाणं टाकून खेळायच्या मशीनमधल्या) पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचा दोष सापडला. चित्राचा वरचा इंचभर भाग स्वतःवरच दुमडला जात होता (हाच फोल्डओव्हर) आणि त्यावर पांढऱ्या तिरक्या रेघा उमटत होत्या. दोघांच्या एनर्जीच्या पट्ट्या आणि मधला टायमर या गेममध्ये नेमके तिथेच असतात, त्यामुळे खेळणं अशक्य.

आधी गेमचा सर्किट बोर्ड बदलून पाहिला. निओ जिओचा एमव्हीएस हा दुसरा आर्केड बोर्ड लावला तरी तेच. शिवाय बोर्डाकडून सिंक (चित्र कधी सुरू करायचं हे सांगणारा सिग्नल) नीट येत नसता तर चित्र सरकलं असतं, दुमडलं नसतं. म्हणजे दोष मॉनिटरच्या व्हर्टिकल भागात, जो बीम (चित्र काढणारा इलेक्ट्रॉनचा झोत) वरखाली फिरवतो.

खरी गुंतागुंत तापमानाची होती. सेट थंड असताना फोल्डओव्हर जास्त, तापल्यावर कमी. पण चांगला तापला की मधूनच सगळं चित्र मिटून एकच आडवी रेघ. एकाच दोषाचं वागणं असं उलटसुलट नसतं, म्हणून दोन दोष धरून शोध घेतला. रेघ आली की ब्राइटनेस लगेच उतरवा, नाहीतर फॉस्फर (पडद्याचा उजळणारा थर) तिथे कायमचा जळतो.

पहिला दोष कंडेन्सरचा. या चासीवर (मॉनिटरच्या सर्किट बोर्डावर) व्हर्टिकलला एलए 7830 आयसी आहे, सप्लाय 24 व्होल्ट. बीम खालून वर परत नेताना योकमधला (ट्यूबच्या मानेवरच्या, बीम वळवणाऱ्या कॉइलमधला) करंट एक मिलिसेकंदाच्या आत उलटवावा लागतो आणि त्याला 24 व्होल्ट पुरत नाहीत. म्हणून 100 मायक्रोफॅरॅडचा एक पंप-अप कंडेन्सर आपला चार्ज सप्लायवर चढवून तेवढ्यापुरते जवळपास दुप्पट व्होल्ट देतो. तो सुकला की बीम वर पोचायच्या आत पुढच्या चित्राच्या रेघा सुरू होतात. ऑसिलोस्कोपवर तो वाढीव व्होल्टचा पल्स सप्लायच्या जेमतेम वर जात होता. काढलेल्या कंडेन्सरची कपॅसिटी मल्टिमीटरवर ठीकच वाटली. ईएसआर, म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध, मात्र 8 ओहमच्या वर, नव्याचा अर्ध्या ओहमच्याही खाली. आयसीच्या हीटसिंकला चिकटून बसल्यावर दुसरं काय होणार! आता 105 अंशांचा, 50 व्होल्टचा लावलाय.

दुसरा दोष ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला सोल्डरचा जोड. प्लास्टिकच्या काडीने टिचक्या मारल्यावर योकच्या कनेक्टरपाशी रेघ येजा करू लागली. भिंगातून एका पिनभोवती बारीक गोल चीर दिसली. जुनं सोल्डर पूर्ण काढून नवं भरलं.

सगळे कंडेन्सर एकदम बदलायचा सल्ला नेहमी मिळतो. मला तो पटत नाही. त्याने फोल्डओव्हर गेला असता, पण चीर तशीच राहिली असती, आणि कारण कधी कळलंच नसतं.

चासी काढण्यापूर्वी अॅनोड (पिक्चर ट्यूबचा हाय व्होल्टेजचा जोड) डिस्चार्ज करायचाच: स्क्रूड्रायव्हरची वायर पिक्चर ट्यूबभोवतीच्या अर्थच्या जाळीला, एक हात मागे. तिथे 20 हजार व्होल्टच्या वरचा मामला असतो. मेन फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज उरला नाही ना, तेही तपासा. चालू सेटवर मापं घेताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) हवाच.

आता एमव्हीएसच्या हार्डवेअर टेस्टमधली रेघांची जाळी पडद्यावर लावून व्हर्टिकल साइझ आणि लिनिअॅरिटी (वरपासून खालपर्यंतचा सारखेपणा) जुळवली. वरचे चौकोन अजून किंचित लांब आहेत. उजव्या कोपऱ्यात लालसर डागही आहे. डीगॉसिंगची (ट्यूबमधलं नको असलेलं चुंबकत्व घालवणारी) कॉइल शाबूत आहे, तेव्हा पॉझिस्टर (त्या कॉइलचा करंट सुरुवातीनंतर कमी करणारा भाग) गेला असावा. तो मिळाला की पुढचं काम.