"घरात कुणाला झाला होता का?"

"ताई, गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता का?"

मी "नाही" म्हणाले होते. ते "नाही" अजून माझी झोप मोडतं.

मे २०२१. भवानी पेठेतल्या आमच्या घरात सासूबाई सोडून सगळ्यांना सर्दी-ताप येऊन गेला. शेंगाचटणी कुटताना मला लसणाचा वास येईना, तेव्हाच कळलं होतं. पण तपासणी केली नाही. पॉझिटिव्ह निघालो तर गल्लीला पत्रे ठोकतील, ह्यांना टॉवेलच्या कारखान्यात कुणी आत घेणार नाही, ही धास्ती. पोराचं तर एक दिवस अंग कोमट लागलं, एवढंच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो तापाने फणफणला. १०३. पोट असं दुखायचं की गुडघे छातीशी घेऊन पडायचा. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता झालीय, सब्जा दे." पहिल्या दवाखान्यात अपेंडिक्सचा संशय आला, सोनोग्राफी झाली. तिथेच तो प्रश्न आला आणि मी खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, छातीवर पुरळ. हातपाय गार पडायला लागले तसं रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तेच विचारलं. मी गप्प. त्या जवळ आल्या, "तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. लेकरासाठी विचारतेय." मग मी रडत सगळं सांगितलं, लसणासकट.

त्या म्हणाल्या, हा एमआयएस-सी असावा. कोरोना होऊन गेल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी मुलांमध्ये दिसतो. शरीराची लढणारी फौज थांबतच नाही. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, सगळीकडे सूज येते. विषाणू तोवर बहुधा गेलेला असतो, म्हणून नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला तरी रक्तात अँटिबॉडी सापडतात. आमचं तसंच निघालं. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, म्हणजे सूज आणि रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, सगळं वाढलेलं. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग अवघं ४० टक्के. माझ्या ९ वर्षांच्या पोराचं.

स्टिरॉइड सुरू झालं आणि आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी. किलोमागे २ ग्रॅम. पोरगं २५ किलोचं, म्हणजे ५ ग्रॅमच्या १० बाटल्या. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्याचं काही नाही. नर्सताईंनी सांगितलं, हे औषध हजारो लोकांनी दिलेल्या रक्तद्रवातून काढतात. रात्रभर ते थेंब थेंब पडताना बघत बसले. कोण कुठली माणसं, आणि माझ्या लेकराच्या नसेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. डोळे उघडून म्हणाला, "आई, कडक भाकरी आहे का गं?"

घरी सोडताना अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिली. दोन आठवड्यांनी एको, सहा आठवड्यांनी पुन्हा एको, आणि सहा महिने धावायचं नाही. पोरं क्रिकेट खेळायची, हा ओट्यावर बसून धावा मोजायचा. शेवटच्या एकोत पंपिंग ६० आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी सगळ्यांचा ताप लिहिते. कुणाला, कधी, किती दिवस. परवा धाकटीला कणकण आली, तीही तारीख लिहिलीय. दवाखान्यात जाताना ते पान फाडून सोबत नेते.