पन्नास किलोचा कट्टा आणि आमचे गोदाम

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये गोदामाची आणि मालाच्या चढ-उताराची जबाबदारी माझ्याकडे आहे. बाजारातून आलेले तुरीचे कट्टे उतरवून घेणे, त्यांची थप्पी मारणे, मिलच्या हौदापर्यंत माल पोहोचवणे आणि तयार डाळीचे कट्टे पुन्हा ट्रकमध्ये भरणे ही कामे आमच्याकडे मुख्यतः माणसांच्या पाठीवरच चालत आली आहेत. जानेवारीपासून तुरीची आवक वाढली की टोळीतले दोघे-तिघे कंबर धरून घरी बसतात, उरलेल्यांवर ताण पडतो आणि ट्रक रात्री उशिरा निघतात, हे दर हंगामात ठरलेलेच होते. मालकांना ट्रकच्या उशिराची चिंता अधिक होती आणि मला माणसांची. पण दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असल्यामुळे आमचे जमले.

पहिला उपाय म्हणून सर्व हमालांना कमरेचे पट्टे द्यावेत आणि वजन कसे उचलावे याचे प्रशिक्षण ठेवावे, असे ठरले. प्रशिक्षकाने रिकामे खोके घेऊन गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून ते कसे उचलावे हे व्यवस्थित दाखवले. टोळीने ते शांतपणे पाहिले. खोके शरीराजवळ धरता येते. धान्याने भरलेला, मधोमध फुगलेला कट्टा जमिनीवरून गुडघे वाकवून उचलायला गेले की तो गुडघ्यांनाच अडतो आणि शरीरापासून आणखी दूर जातो, ही अडचण त्या खोक्याने कशी कळणार? पुढे वाचनात आले की केवळ उचलण्याच्या पद्धतीचे शिक्षण दिल्याने कामगारांची पाठदुखी टळते याला पुरेसा आधार मिळत नाही, असाच निष्कर्ष २०११ च्या कोक्रेन समीक्षेने, म्हणजे त्या विषयावरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याने, काढला आहे. आणि निरोगी कामगाराची इजा टाळण्यासाठी कमरेचा पट्टा वापरावा अशी शिफारस अमेरिकेतील कामगार-आरोग्याची निऑश ही संशोधन संस्थाही करत नाही. पट्टे अंगात घाम साठवतात म्हणून दुसऱ्याच आठवड्यात खुंटीला लागले, आणि मी ते पुन्हा बांधायला लावले नाहीत.

मग प्रश्न वजनाचा आला. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ मध्ये, इजा होण्याची शक्यता असेल इतके जड ओझे कोणत्याही कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये, असे स्पष्ट म्हटले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल वजनाबाबत करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला. आमचा डाळीचा कट्टा ५० किलोचा, म्हणजे कागदावर सगळे ठीक. निऑशने मात्र १९९१ मध्ये सुधारलेल्या आपल्या समीकरणात सुरुवातच २३ किलोपासून केली आहे, आणि तेही सर्व परिस्थिती अनुकूल असताना. कट्टा शरीरापासून किती दूर आहे, हात जमिनीपासून किती उंचीवर आहेत, तो किती वर न्यायचा आहे, कंबर किती वळवावी लागते, किती वेळा उचलायचा आहे आणि पकड कशी मिळते, या सहा गोष्टींनुसार ते २३ किलो कमी-कमी होत जातात. दोन्ही हातांनी उचलण्यासाठीच हे समीकरण आहे. डोक्यावर किंवा पाठीवर वाहून नेण्याला ते लागू होत नाही. त्यामुळे मी ते आमच्या गोदामातल्या एकाच जागी लावून पाहिले.

ती जागा म्हणजे भरणी. डाळ वरच्या टाकीतून पत्र्याच्या नळीने खाली यायची, जमिनीवरच्या काट्यावर कट्टा भरायचा, शिलाई झाली की तो आडवा पाडायचा आणि एक माणूस तो एकट्याने उचलून, वळून, शेजारच्या हातगाडीवर ठेवायचा. पाठीवर कट्टा घेताना निदान दोघे जण दोन्ही बाजूंचे कान धरून उचलून देतात, म्हणून टोळीतही भरणीचे काम सर्वांत नकोसे मानले जाई. मोजपट्टी घेऊन पाहिले, तर कट्ट्याखाली गेलेले हात जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटरवर आणि घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे होते. कट्टा ६० सेंटिमीटर वर न्यायचा होता, कंबर ४५ अंशांत वळत होती, आणि प्लॅस्टिकच्या विणलेल्या कट्ट्याला घामट हातांची पकड मिळत नव्हती. तासाभराच्या कामात पाच मिनिटांतून एकदाच कट्टा उचलला असे धरले, तरी शिफारस केलेले वजन जेमतेम ८ किलो आले. आमचा माणूस त्याच्या सहापट उचलत होता आणि मिनिटाला कित्येकदा उचलत होता.

या हिशेबात मला खरी उपयोगाची गोष्ट वेगळीच दिसली. पकड तशीच वाईट राहू दिली, पण हात ७५ सेंटिमीटर उंचीवर आणले, कट्टा शरीरापासून ३० सेंटिमीटरवर ठेवला, उचल २५ सेंटिमीटरपर्यंत आणली आणि कंबरेचे वळणे काढून टाकले, तर तेच वजन १७ किलोंच्या पुढे जाते. म्हणजे कट्ट्याचे वजन तेच ठेवून, केवळ त्याची जागा बदलून शिफारशीची मर्यादा दुपटीहून अधिक होत होती. उरलेल्या भागासाठी उचलणेच बंद करणे हा एकच मार्ग होता.

आम्ही पत्र्याची नळी कापून आखूड केली आणि काट्यासाठी गुडघ्याच्या वर येईल असा विटांचा ओटा बांधला. शिलाई करणाऱ्याला उभे राहण्यासाठी बाजूला लाकडी पाट दिला. काट्याच्या तोंडाशी किंचित उतार दिलेले रोलर बसवले, त्यामुळे शिलाई झालेला कट्टा आडवा केला की घरंगळत पुढे जातो. रोलरच्या टोकाला हायड्रॉलिक टेबल ठेवले, त्यावर लाकडी पॅलेट, म्हणजे कट्टे रचायची फळ्यांची चौकट. एक थर भरला की पायाने दाब देऊन टेबल खाली घ्यायचे, म्हणजे पुढचा थरही कमरेच्याच उंचीला पडतो. तीन कट्टे उभे आणि दोन आडवे असा पाचाचा थर, वरच्या थराला त्याची उलट मांडणी, असे चार थर झाले की पॅलेटवर बरोबर एक टन माल होतो. भरणीवर आता कट्टा कोणी उचलत नाही. तो सरकवला जातो.

हा टनाचा पॅलेट गोदामात नेण्यासाठी अडीच टन क्षमतेचा हातपंपाचा पॅलेट ट्रक घेतला आणि तो पहिल्याच दिवशी अडकला. आमच्या गोदामाची फरशी शहाबादी, तीही कोपरे उडालेली; पॅलेट ट्रकची पुढची चाके मुठीएवढी. प्रत्येक सांध्यात चाक बसायचे आणि ते बाहेर काढायला तिघे जण रेटा द्यायचे. पाठीवरचा भार खांद्यांवर आणि मनगटांवर ढकलण्यापलीकडे त्यातून काही साधत नव्हते. यंत्र घ्यायला मालक तयार होते, फरशीसाठी पैसे द्यायला नव्हते, कारण यंत्र पाहुण्यांना दाखवता येते. अखेर भरणीपासून गोदामाच्या दारापर्यंतची एक पट्टी तेवढी उखडून काँक्रीटची गुळगुळीत करून घेतली. माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वांत जास्त वसूल झालेला पैसा तोच.

आता मजुरीविषयी, कारण सर्वांत अधिक वेळ याच बोलण्यात गेला. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बंदर आणि बाजारांतील माथाडींची जी संघटना उभी केली, तिच्या लढ्यातून तो आला आणि हमालाच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला, रजेला त्याने आधार दिला. पण आमच्याकडे कामाचा हिशेब नगावर, म्हणजे कट्ट्यामागे हमाली असाच होता. किरकोळ व्यापाऱ्यांना ३० किलोचा कट्टा सोयीचा पडतो, म्हणून ज्यांची हरकत नसेल त्यांचा माल ३० किलोत भरावा, असे मी सुचवले तेव्हा टोळी खूश होईल अशी माझी समजूत होती. मुकादम मामांनी मात्र तंबाखू मळता मळता विचारले, "कट्टा हलका केला तर खेपा वाढणार, सायेब. त्या वाढल्या खेपांचं काय धरलंय तुम्ही?" मालकांचा विचार वजनाच्या प्रमाणात नगाचा दर कमी करण्याचा होता, टोळीचे म्हणणे असे की तीस किलोचा कट्टा घ्यायला वाकावे लागते आणि चालावे लागते पन्नासच्या कट्ट्याइतकेच.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. क्विंटलला दर धरायचा, आणि ३० किलोच्या मालाला तो ५० किलोच्या मालापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, यावर शेवटी तडजोड झाली. त्याहून महत्त्वाची अट मामांनी घातली, ती म्हणजे रोलर, टेबल आणि पॅलेट ट्रक यांमुळे टोळीतला एकही माणूस कमी करायचा नाही. ती लेखी दिली. ही अट मान्य झाली नसती तर पॅलेट ट्रक कोपऱ्यात धूळ खात पडला असता, आणि तो वापरला नाही म्हणून मी टोळीला दोषही देऊ शकलो नसतो. जो नगावर जगतो, त्याला यंत्र म्हणजे आधी आपल्या पोटावरचा पाय वाटतो.

थप्पीची उंची हा मामांनीच पुढे आणलेला विषय. आमच्याकडे पंधरा-सोळा थरांची थप्पी लागायची. वरच्या थरांसाठी कट्ट्यांच्याच पायऱ्या करून, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतलेला हमाल ओझ्यासह चढत जायचा. ज्यूटच्या पोत्यावर पाय तरी रोवला जातो, प्लॅस्टिकच्या कट्ट्यावर तो सरकतो. माझे लक्ष उचलण्याकडे होते, त्यांचे चढण्याकडे. कारण कंबर हळूहळू जाते, पण थप्पीवरून घसरलेला माणूस एका क्षणात जातो. आता हाताने मारायच्या थप्पीला दहा थरांची मर्यादा आहे. जागा कमी पडली म्हणून मालकांनी कुरकुर केली. तेव्हा जुने बारदान, मोडका पंखा, नादुरुस्त चाळणी असे जे काही भिंतीला टेकून वर्षानुवर्षे उभे होते ते विकले आणि बऱ्यापैकी जागा निघाली.

ट्रकभरणी पूर्वी फळीवरून होत असे. आमचा धक्का ट्रकच्या हौद्यापेक्षा खाली असल्याने फळी चढती लागायची आणि पावसाळ्यात ती निसरडी व्हायची. तिथे कट्टे वर वाहून नेणारा, मोटारीवर चालणारा चाकांवरचा सरकता पट्टा आणला, ज्याचे वरचे टोक हौद्यात हवे तसे उंच-खाली करता येते. पट्ट्याला जाळी आणि दोन्ही टोकांना तातडीने बंद करायचे बटण असल्याशिवाय तो चालवायचा नाही, असा नियम आहे, कारण हमालाच्या गळ्यातला पंचा रोलरमध्ये जायला वेळ लागत नाही. पूर्वी दिवेलागणीनंतर निघणारा ट्रक आता बहुधा ऊन असतानाच निघतो. एप्रिल-मे महिन्यांत भरणीची जड कामे सकाळी अकराच्या आत संपवण्याची मुभा टोळीला दिली, तीही या वाचलेल्या वेळामुळेच शक्य झाली.

बाहेरून येणाऱ्या तुरीपुढे मात्र आमचे काही चालत नाही. डाळीचा कट्टा किती किलोचा भरायचा हे आमच्या हातात आहे. बाजारातून येणारा माल कधी पन्नासचा, कधी साठच्या वर, जसा शेतात भरला गेला तसा येतो, आणि तो कट्टा किती जड आहे हे हमालाला पाठीवर आल्यावरच कळते. अंदाजापेक्षा जड निघालेले ओझेच अधिक धोक्याचे, कारण शरीर त्याच्या तयारीत नसते. सध्या ट्रक आला की मामा आधी चार-सहा कट्टे कानाला धरून हलवून पाहतात आणि जड वाटणाऱ्यांवर खडूने फुली मारतात. फुलीचा कट्टा पाठीवर द्यायचा नाही, दोघांनी हातगाडीवर घ्यायचा. आमच्या नेहमीच्या अडत्यांना पन्नासच्या वर भरती नको असे आम्ही लेखी कळवले आहे. काहींनी ते मनावर घेतले आहे. इतरांच्या मालासाठी खडूचा डबा दाराशीच ठेवलेला असतो.