सांधेदुखीची बाग: निर्गुंडीचं तेल जमलं, गुळवेलीची खात्री पटली

निर्गुंडी आता खांद्याला लागली आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी खोचली की ही वनस्पती फारसे लाड न करता फुटते. छाटणी मात्र मनापासून करावी लागते, नाहीतर नुसती उंच जाते आणि पाला वरच राहतो. पानाची खालची बाजू पांढुरकी, लवदार. चुरगळलं की उग्र वास. या खेपेला पाला भरपूर मिळाला, म्हणून तेलाला हात घातला.

निर्गुंडीचा पाला कोरडा असल्यामुळे अंगरस फार थोडा सुटतो. एवढा पाला वाटून गाळण्यापेक्षा काढा बरा. आयुर्वेदातले जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांच्या हिशेबात तेलाच्या चौपट द्रव, आणि तो द्रव काढा असेल तर कल्क, म्हणजे वाटलेला पाला, तेलाच्या एक षष्ठांश. स्वरस, म्हणजे अंगरस, असेल तर एक अष्टमांश. त्याप्रमाणे ३०० मिली तिळाचं तेल, १२०० मिली काढा आणि पानांचा ५० ग्रॅम कल्क घेतला.

खरी मजा शेवटच्या टप्प्यात आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं, त्यामुळे काही बिघडत नाही. पाणी संपलं की तेल झपाट्याने तापतं आणि कल्क करपायला वेळ लागत नाही. म्हणून बुडबुड्यांचा आवाज बारीक होऊ लागला की आच अगदी मंद करायची आणि जागचं हलायचं नाही. उलथन्यावर थोडा कल्क घेऊन, निवल्यावर अंगठा आणि तर्जनीत वळून बघायचा. आधी तो बोटांना चिकटतो. मग हळूहळू त्याची वात वळते. ती वात ज्योतीवर धरली आणि तडतडली नाही, म्हणजे पाणी उडालं. त्याच सुमारास तेलावर फेस चढतो. औषधी तुपात उलट, फेस बसला की पाक झाला, म्हणजे शिजवणं पुरं झालं, समजायचं. अभ्यंगाला, म्हणजे अंगाला चोळायला, खर (जास्त शिजवलेला) पाक सांगितला आहे, म्हणून कल्क किंचित रवाळ होईपर्यंत थांबले. तेल हिरवट उतरलं, करपलेला वास अजिबात नाही. याचा मला फार आनंद आहे.

आलं काढून वाळत घातलं आहे. वाळताना आल्याला तिखटपणा देणाऱ्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि तो जास्त तिखट असतो. आमवातात (सांधे सुजून दुखण्याचा आजार) जुन्या वैद्यांनी सुंठीला मान दिला, तेव्हा ओल्या आल्याला आणि सुंठीला एकच वस्तू समजू नये. हळद ठीक चालली आहे, तिच्याबद्दल वेगळं काही नाही.

गुळवेलीबद्दल मात्र सगळ्यांनी लक्ष द्यावं. तिची एक जातबहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, दिसायला जवळची आहे आणि दोन्ही नावं सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जातात. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी-पुटकुळ्या असतात आणि खोड मोडलं की दुधट चीक येतो. आपल्या गुळवेलीला तसा चीक नसतो. पान हृदयाकार, साल कागदासारखी सुटते. माझी वेल मी मोडून पाहिली आणि मगच मांडवावर चढवली. खात्री पटली तरी पोटात घेण्याचा निर्णय वैद्यांचाच: गुळवेल घेतलेल्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

कळलावी फुलली आहे, केशरी-पिवळी, देखणी. तिच्यात कोल्चिसिन आहे. गाउटवर (युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) तेच औषध मोजून देतात, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार कमी. तिचा कंद आणि बिया जीवघेण्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर लावूच नका. आणि सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आला, तर तेल बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. जंतुसंसर्ग असेल तर सांधा थोड्या दिवसांत कायमचा खराब होऊ शकतो.

गुग्गुळाच्या काडीला चिमुकली पानं आली आहेत. हे झाड अतिसंकटग्रस्त यादीत गेलं त्याला डिंकासाठी खोल चिरा देऊन झाडं मारणं हे एक मोठं कारण आहे. माझ्या झाडाचा डिंक मी काढणार नाही, ते फक्त जगवायचं आहे. कुणी बियांपासून गुग्गुळ उगवला असेल तर माती कशी घेतली आणि उगवण किती झाली, जरूर लिहा.