नेट्रॉन लेकला ई-बाइकने: दुसरी बॅटरी मिळत नसेल तर जाऊ नका

आधी मुद्द्याचं. "एका चार्जवर ८० किमी आरामात" असं आम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी एंगारुकाच्या पुढे स्वतः कधी सायकल ढकललेली नाही, हे मी लिहून देते. ५०० वॅट-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी ३१ किमीला बसली. त्यानंतर हातात उरते ती २५ किलोची म्हैस.

रूट टांझानियातला, म्तो वा म्बू ते एंगारुका ते नेट्रॉन लेक, चार दिवस, सोबत मासाई गाईड आणि मागे सपोर्ट जीप. पहिले दोन दिवस केळीच्या बागा, झेब्रे, जिराफ, सगळं छान, त्यावर वेळ घालवत नाही.

तिसरा दिवस! एंगारुका ते नेट्रॉनजवळचं न्गारे सेरो गाव, साधारण ६० किमी, ओल डोइन्यो लेंगाईच्या पायथ्याने. हा जिवंत ज्वालामुखी, २००७-०८ मध्ये जोरात फुटला होता, आणि रस्त्यावरची माती म्हणजे अक्षरशः भस्म, चाक रुततं, हँडल आपल्या मर्जीने वळतं, मध्ये मध्ये कोरडे ओढे, त्यांना तिकडे कोरोंगो म्हणतात, उतरताना वाळू आणि चढताना दगड. मोटरचा जोर टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त, टाकला की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते, इकोवर, म्हणजे कमीत कमी, टाकला की चाक जागचं हलत नाही. दुपारी पारा चाळिशीच्या वर, मोटर तापली की स्वतःच पॉवर कमी करते, मला वाटलं बिघडलीच. आणि जीप? ती दुसऱ्या ग्रुपचं सामान टाकायला पुढे गेलेली. शेवटी गाईडने, जुन्या टायरच्या चपला घालून, माझी सायकल ढकलली, वर हसून "पोले पोले". हळूहळू म्हणे! दुसरं काही जमत होतं का.

तर जाणाऱ्यांनी माणशी दोन बॅटऱ्या आणि दिवसभर मागेच राहणारी जीप, दोन्ही लेखी घ्या. स्वतःची बॅटरी नेऊ म्हणाल तर १६० वॅट-अवरच्या वरची प्रवासी विमानात चालतच नाही. टायर ट्यूबलेस, आत सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव) हवंच, बाभळीचे काटे इंचइंच आहेत. राखेत हवा बिनधास्त कमी करा, आम्हाला हे २० किमी उशिरा सुचलं. कॅम्पवर जनरेटर फक्त संध्याकाळी, प्लग चौकोनी तीन पिनांचा.

आता पैसे. पॅकेज "सगळं इन्क्लुडेड" होतं, पण वाटेत नाके आहेत, परदेशी माणसाकडून गावाची, जिल्ह्याची फी घेतात. आम्हाला तीन ठिकाणी डॉलर मोजावे लागले आणि कंपनीचं उत्तर काय, तर "ती पार्क फी नाही". बुकिंगच्या आधी नाक्याचं नाव घेऊन विचारा. पावती टाकू नका, पुढे परत मागतात.

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या. लसीचं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर क्वारंटाइन होऊ शकतं. मार्च ते मे पावसात तर विचारही नको.

संध्याकाळी न्गारे सेरोच्या धबधब्याखाली बसले, कानातून राख निघाली, लांब तळ्यावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासात सगळ्यांना माफ केलं होतं. मग गाईडने विचारलं, रात्री १२ ला लेंगाई चढायला निघायचं का? मी झोपले.