४के पायजेच का? परभणीच्या उन्हाळ्यात पीसीवर खेळणाऱ्याचं मत

सध्या ज्याला त्याला ४के पायजे. (१०८०पी, १४४०पी, ४के ही स्क्रीनवर किती पिक्सल, म्हणजे ठिपके, आहेत त्याची चढती मापं.) नवा पीसी करायचा म्हणलं की पहिला प्रश्न हाच असतो, मॉनिटर ४के घेऊ का, आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग, कोणतं हे मागून येतं. मला हे उलटं वाटतं आणि लई दिवसांपासून ह्याच्यावर नीट लिहायचं मनात होतं, कारण आपल्याकडं बजेट आधीच ठरलेलं असतं, एकदा घेतलेलं मशीन पाच-सहा वर्षं चालवायचं असतं, आणि पैसा चुकीच्या जागी गेला तर तो लवकर परत जमत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. टेबलावर बसून खेळणाऱ्यासाठी २७ इंच आणि १४४०पी हे आज सगळ्यात शहाणपणाचं आहे, १०८०पी अजून अजिबात संपलेलं नाही, आणि नेटिव्ह ४के (आतून पण पूर्ण ४के ला काढलेलं चित्र) साठी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतेत तो आकडा) घालवावा येवढं त्यातून हाती काही लागत नाही. कामून ते सांगतो.

आधी साधा हिशोब. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सल. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, साधारण ३६ लाख ८६ हजार. आणि ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे १०८०पी वरून ४के वर गेलं की पिक्सल बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ४के ला ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सलचा रंग ठरवावा लागतो, आणि नुसता रंग नाही, सावली, प्रकाश, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं त्यात आलं. फ्रेम रेट मात्र सरळ चौथाईवर येत नाही कारण काही काम पिक्सलवर अवलंबून नसतंच, पण कार्डावर जोर देणारा गेम असला तर निम्म्याच्या खाली हमखास येतो.

आता ते "काही काम" म्हणजे काय हे बघा, कारण इथंच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. गेममधली माणसं कुठं चालायलीत, गोळी कशाला लागली, गाडी कशी उलटली, कोणती वस्तू काढायचीय ह्याची यादी कार्डाला देणं, हे सगळं प्रोसेसर करतो, आणि त्याला तुमच्या स्क्रीनवर किती पिक्सल आहेत ह्याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून जुन्या प्रोसेसरवर कुणी नवीन दमदार कार्ड बसवलं आणि १०८०पी ला ७० फ्रेम मिळायला लागल्या, तर बऱ्याचदा १४४०पी केलं तरी ७० च राहतेत. तिथं रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सलची संख्या, फुकटात वाढतं. तुमचं काय आहे ते तपासायचं असलं तर गेमात रिझोल्यूशन एकदम ७२०पी करून बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अडवत होतं, रिझोल्यूशनची किंमत तुम्ही मोजत होता. वाढल्याच नाहीत तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि मग रिझोल्यूशन कमी करून उगं डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा. पाच मिनिटाचं काम आहे, पण कार्ड बदलायच्या आधी प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं.

फ्रेम रेटला मी येवढं का महत्त्व देतो? ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ७ च्या आसपास, आणि ३० म्हणजे ३३. नेटिव्ह ४के च्या हट्टापायी ३० वर आलात की माऊस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ वाढतो आणि तो हाताला कळतो, डोळ्याला कळायच्या आधी हाताला कळतो. चित्र किती का धारदार असेना, कॅमेरा फिरवला की सगळं फरफटत येतं, आणि गेममधी आपण स्थिर चित्र बघत नसतो, आपण सारखं फिरत असतो. त्यात सरासरीवर जाऊ नका. सरासरी ५५ दिसते आणि मधीच दोन-चार फ्रेम ६० मिलिसेकंद घेतेत, म्हणजे चांगल्या डांबरी रस्त्यावर अचानक खड्डा. एकसारखे ५० फ्रेम मला उड्या मारणाऱ्या ७० पेक्षा केव्हाही चालतील.

माझा मामेभाऊ वाळूजला नोकरीला लागला, आता पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं पीसी करायलाय. त्याचा फोन आला,

"दादा, दुकानदार म्हणतोय ४के च घे, पुढची दहा वर्षं टेन्शन नाही. घेऊ का?"

मी म्हणलं, "अरे तू बसतोस किती लांब ते सांग आधी."

"म्हणजे?"

"टेप घे आणि डोळ्यापासून स्क्रीन लावणार तिथपर्यंत मोज."

त्याला वाटलं मी विषय बदलायलोय, पण सगळा प्रश्न तिथंच आहे. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाचा साठावा भाग येवढा बारीक फरक ओळखू शकतो, डोळ्याचे डॉक्टर ज्याला ६/६ नजर म्हणतेत त्याचा हिशोब हाच. ८० सेंटीमीटरवर हा फरक होतो ०.२३३ मिलिमीटर, आणि २७ इंची १४४०पी मॉनिटरचा एक पिक्सल पण बरोबर ०.२३३ मिलिमीटरचाच असतो! म्हणजे हात लांब करून बसलात तर १४४०पी चे पिक्सल डोळ्याला वेगळे दिसायचे बंद होतेत. त्याच साईजच्या ४के चा पिक्सल ०.१५६ मिलिमीटरचा, तो वेगळा बघायचा तर ५५ सेंटीमीटरच्या आत यावं लागतं, आणि येवढं जवळ बसून कोणी दोन तास खेळू नये. उलट २७ इंचावर १०८०पी घेतलं तर पिक्सल ०.३११ चा होतो, तो स्वच्छ दिसतो, म्हणून १०८०पी घ्यायचं तर २४ इंचाच्या वर जाऊ नका. हॉलमधल्या टीव्हीचं तर आणखीनच वेगळं. ४३ इंची टीव्ही आठ फुटावरून बघितला तर १०८०पी चे पिक्सल सुद्धा त्या मर्यादेच्या आत बसतेत, मग तिथं कन्सोल लावून ४के का १०८०पी ह्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, फ्रेम जास्त देणारा मोड निवडा आणि खेळा.

पण हे सगळं म्हणताना एक गोष्ट मला लपवायची नाही, कारण ती खरी आहे. गेम म्हणजे सिनेमा नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात प्रत्येक पिक्सलमधी आसपासचा प्रकाश आपोआप मिसळलेला असतो, गेममधी तसं होत नाही, प्रत्येक पिक्सलसाठी एका बिंदूवरचा रंग काढला जातो. म्हणून लांबची विजेची तार, कुंपणाची जाळी, गवत, झाडाची पानं चालताना लखलखतेत, तुटतेत, परत जुळतेत. ही चुळबुळ डोळ्याच्या मर्यादेच्या पलीकडं पण जाणवते. ती झाकायला आजकालचे गेम मागच्या फ्रेममधली माहिती ह्या फ्रेममधी मिसळतेत, टीएए म्हणतेत त्याला, आणि रिझोल्यूशन कमी असलं की ह्या मिसळण्यानं चित्र साबणाचं पाणी फिरवल्यासारखं पुसट होतं. रेड डेड रिडेम्प्शन २ पीसीवर २०१९ ला आला, तो १०८०पी ला लावून बघा आणि मग १४४०पी ला. लांबच्या टेकडीवरचा घोडेस्वार, घोड्याची आयाळ, संध्याकाळच्या उन्हातलं गवत, ह्या गेमचा अर्धा जीव असल्या गोष्टीत आहे आणि १०८०पी ला तो धुवून जातो. तिथं मी ९० फ्रेम सोडून ६० आनंदानं घेतो. रिझोल्यूशनला पैसे आणि फ्रेम द्यायची जागा कुठली असं मला कोणी विचारलं तर हीच, १०८०पी ते १४४०पी. पुढं १४४०पी ते ४के ला पिक्सल सव्वादोन पट लागतेत आणि डोळ्याला फरक त्याच्या मानानं लई थोडा पडतो.

आणि आता तर प्रश्नच थोडा बदललाय. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस ही नावं ऐकली असतील. गेम आतून कमी रिझोल्यूशनला चित्र काढतो आणि मागच्या फ्रेमांच्या मदतीनं ते मोठं करतो, ह्यालाच अपस्केलिंग म्हणतेत. १४४०पी ला क्वालिटी मोड लावला तर आतलं चित्र १७०७ गुणिले ९६० चं असतं, म्हणजे १०८०पी पेक्षा पण कमी पिक्सल. मोठं करण्याला थोडा वेळ लागतो तो धरून फ्रेम रेट साधारण नेटिव्ह १०८०पी येवढाच पडतो, पण चित्र त्याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. डीएलएसएस ची दुसरी आवृत्ती २०२० ला आली तेव्हापासून हे खऱ्या अर्थानं वापरण्यासारखं झालं. ४के ला परफॉर्मन्स मोड लावला तर आतलं चित्र १०८०पी च असतं, म्हणून चांगलं कार्ड असणाऱ्यानं ४के मॉनिटर घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही, फक्त कार्डाची मेमरी बघा, ८ जीबी वर ४के आणि भारी टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) दोन्ही लावलं की मेमरी भरते आणि गेम अडखळायला लागतो. ज्यांच्याकडं जीटीएक्स १६५० सारखं ४ जीबी चं कार्ड आहे त्यांच्यासाठी पण एफएसआर चालतं, पण १०८०पी ला क्वालिटी लावलं तर आत ७२० च राहतं आणि येवढ्या थोड्या माहितीतून चांगलं चित्र निघत नाही. तिथं सावल्या कमी करा, रिझोल्यूशन राहू द्या. फ्रेम जनरेशनचं मात्र वेगळं आहे, मधी बनवलेली फ्रेम घातल्यानं आकडा वाढतो, हालचाल डोळ्याला गुळगुळीत दिसते, पण माऊसचा प्रतिसाद सुधारत नाही. मुळात ६० च्या आसपास असतील तरच ते लावावं.

आता आपल्याकडची गोष्ट, जी बाहेरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या खोल्यांमधी एसी चालू असतो. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ च्या वर जातो. कार्ड जेवढे वॅट खातं ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतेत, आरटीएक्स ४०७० सारखं २०० वॅटचं कार्ड पूर्ण जोरात चाललं तर २०० वॅट खोलीत. आणि खोली जेवढी जास्त तापलेली, त्याच पंख्याच्या वेगाला कार्ड साधारण तेवढंच जास्त तापतं, एनव्हिडिया कंपनीच्या बऱ्याच कार्डांचं तापमानाचं टार्गेट ८३ डिग्रीच्या आसपास असतंय, तिथं पोचलं की ते आपोआप आपला वेग कमी करतं. म्हणजे जानेवारीत मिळणारे फ्रेम मे मधी मिळत नाहीत. नेटिव्ह ४के ला ४५ फ्रेम काढायला कार्ड सारखं ९९ टक्क्यावर चाललेलं असतं. तेच १४४०पी ला ठेवून फ्रेम ६० किंवा ७५ ला कॅप केले, म्हणजे त्याच्या वर जाऊच दिले नाहीत, की कार्डाला मधी मधी श्वास घ्यायला मिळतो, वॅट खाली येतेत, पंख्याचा आवाज खाली येतो. कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवावी लागते आणि धूळ आत येते, ते तर वेगळंच, दर महिन्याला फिल्टर झटका.

लाईटबिलाचं पण बघा. सगळा पीसी ३०० वॅट धरला आणि रोज चार तास खेळलं तर महिन्याला ३६ युनिट. महावितरणचा घरगुती स्लॅब १०० युनिटला बदलतो, आणि घरात कूलर, पंखे, फ्रिज चालू असताना हे ३६ युनिट वरच्या दरानं पडतेत. आणि लाईट गेली तर ६०० व्हीए चा साधा यूपीएस खरं म्हणजे साधारण ३६० वॅटच उचलतो, कार्ड पूर्ण लोडवर असताना लाईट गेली की तो ओरडायच्या आतच मशीन बंद पडू शकतं. मामेभावाला मी हेच सांगितलं की ४के मॉनिटरचे जे वरचे पैसे जाणारेत त्यात चांगला यूपीएस घे. त्यानं अंतर मोजून कळवलं, सत्तर सेंटीमीटरच्या आसपास. मग १४४०पी च.

कट्ट्यावर बसून बीजीएमआय (फोनवरचा गोळीबाराचा गेम) खेळणारी पोरं हे कधीच शिकलीत बरं का. त्यांच्या फोनमधी ग्राफिक्स स्मूथ आणि फ्रेम रेट एक्स्ट्रीम नाहीतर ९०, एचडीआर ह्या भारी चित्राच्या सेटिंगला कोणी हात लावत नाही. काऊंटर-स्ट्राईकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू अजून १२८० गुणिले ९६० ला ताणून खेळतेत. जिंकायचं असलं तर उत्तर सरळ आहे, त्यावर जास्त काय लिहायचं.

एक मात्र खरेदीच्या आधी लक्षात ठेवा, मॉनिटरचं जे मूळ रिझोल्यूशन आहे त्याच्यावरच तो चांगला दिसतो. १४४०पी चा मॉनिटर घेऊन त्यावर १०८०पी लावलं तर पिक्सल पूर्ण भागात बसत नाहीत आणि सगळं धूसर दिसतं, खऱ्या १०८०पी मॉनिटरपेक्षा वाईट. म्हणून कार्ड कमी पडायला लागलं तर मॉनिटरचं रिझोल्यूशन तसंच ठेवा, आधी रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून काढलेला उजेड) बंद करा, मग धुकं-ढग ज्याला व्हॉल्युमेट्रिक म्हणतेत ते एक पायरी खाली आणा, मग सावल्या, मग प्रतिबिंबं. टेक्श्चर मेमरीत बसतेत तोवर हायच राहू द्या, त्यानं फ्रेम फारसे जात नाहीत. येवढं करून पण ६० होत नसले तर अपस्केलिंग क्वालिटीवर लावा.