कोंगच्या डोंगरातली फट

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राध्यापक माझ्याकडे स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कच्या आफ्रिका प्रवासाचं 1799 सालचं पुस्तक घेऊन आले. वडिलांनी जुन्या बाजारातून घेतलेलं. बांधणी धडधाकट होती. दुखणं होतं ते आत घडी घालून लावलेल्या नकाशाचं. उघडमीट होऊन होऊन तो घड्यांवर फाटला होता, आणि दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला नखाएवढा तुकडा गळून गेला होता.

"मॅडम, दुसरी प्रत बघून तेवढं काढून द्या. चार रेघाच तर आहेत," ते म्हणाले.

जुने कागद दुरुस्त करणारी मी. ही मागणी नेहमीचीच. पण भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं की गेलेला तुकडा डोंगराचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या केसाएवढ्या बारीक रेघा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने चालल्या होत्या आणि मध्येच तुटल्या होत्या. वर नाव: कोंगचे डोंगर.

ही रांग पृथ्वीवर कुठेच नाही.

नकाशा जेम्स रेनेलचा. आपल्याकडे बंगालची मोजणी केली तोच हा. बंगालमध्ये त्याने वर्षानुवर्षं नद्या-वाटा स्वतः हिंडून मोजल्या, 1766 मध्ये संन्याशांच्या तलवारीचे वार खाल्ले. आफ्रिकेत मात्र तो गेलाच नाही. पार्कने 1796 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सेगूजवळ नायजर नदी पूर्वेकडे वाहताना पाहिली होती, आणि दूरवर काही डोंगर. ते कोंगच्या राज्यात आहेत असं लोकांनी त्याला सांगितलं. नायजर खंडाच्या आतच जिरते असं रेनेलचं मत होतं. मग दक्षिणेच्या समुद्राकडे जायची वाट अडवायला काहीतरी हवंच. लंडनमध्ये बसून त्याने त्या दूरच्या डोंगरांची सलग रांग केली.

एकदा छापलं की पुढचे छापतच गेले. 1830 मध्ये इंग्रज प्रवासी लँडर बंधू नायजरवरून होडीने थेट समुद्रापर्यंत पोचले, तरी डोंगर नकाशांवर राहिलेच. 1888 मध्ये फ्रेंच अधिकारी बेंझे (कोणी बिंजर म्हणतात) कोंग गावात शिरला, तेव्हा तिथे डोंगररांग नव्हती. गाव खरं होतं. आजच्या आयव्हरी कोस्टच्या उत्तरेला ते अजून आहे.

मला रेनेलचा राग येत नाही. चटका लागतो. बंगालात पाय झिजवून रेघ मारणाऱ्या माणसाच्या हाताला आफ्रिकेचा कोरा कागद बघवला नाही.

प्राध्यापकांना फोन करून म्हटलं, "सर, तुकड्यावर मी काहीच काढणार नाही." का ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. कोरंच ठेवा."

दुसऱ्या दिवशी गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवली, गाळून थंड केली. फाटलेल्या घड्यांना मागून पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्या. गळलेल्या जागेसाठी चहाच्या पाण्यासारखा फिकट रंग दिलेला कागद कापला. कडा कातरीने न कापता सुईने ओल्या रेषेवर फाडून घेतल्या, म्हणजे तंतू एकमेकांत बसतात. तो चिकटेपर्यंत श्वास धरला होता. टीपकागद घालून वर वजन ठेवलं.

नोंदवहीत लिहिलं: 'घडीच्या छेदावर 9 बाय 6 मिलिमीटर भाग गहाळ. भरणी कोरी.'