मायक्रोसर्व्हिसेस करण्याआधी ट्रान्झॅक्शनचं काय ते ठरवा

टीममध्ये नवीन कोणी आलं की पहिल्या आठवड्यात प्रश्न येतोच, हे सगळं एकाच ॲपमध्ये का आहे, मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे प्रत्येक कामाची वेगळी चालणारी छोटी सर्व्हिस, का नाही केल्या? प्रश्न चांगलाच आहे, आणि मी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगतो.

आधीच्या एका ठिकाणी आम्ही माणसं ६ आणि सर्व्हिसेस ११. ऑर्डर वेगळी, स्टॉक वेगळा, पेमेंट वेगळं, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. आता मोनोलिथमध्ये, म्हणजे सगळं एकाच ॲपमध्ये आणि एकाच डेटाबेसवर असताना, ऑर्डर टाकली, स्टॉक कमी केला आणि मधेच काही गडबडलं तर डेटाबेस रोलबॅक करतो, म्हणजे सगळं आधीसारखं करून ठेवतो, विषय संपला. झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, अशा कामांच्या गटालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. तीन डेटाबेस झाले की ही सोय गेली, मग पेमेंट फेल झालं तर स्टॉक परत वाढवायचा कोड आपणच लिहायचा, आणि तो मेसेज चुकून दोनदा आला तर स्टॉक दोनदा वाढायला नको, तेही आपणच बघायचं. पायरी-पायरीने काम करून मधे बिघडलं तर मागच्या पायऱ्या उलटवायच्या, ह्या पद्धतीला सागा म्हणतात, मूळ कल्पना १९८७ च्या गार्सिया-मोलिना आणि सेलम यांच्या पेपरमधली, तेव्हा ती एकाच डेटाबेसमध्ये बराच वेळ चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी होती. आमचे कितीतरी दिवस फक्त ह्यातच गेले.

मायक्रोसर्व्हिसेस वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस करप्ट झाला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, त्यानंतर त्यांनी क्लाउडची वाट धरली आणि मोनोलिथ फोडत फोडत जानेवारी २०१६ ला ते काम पुरं केलं. त्यांचा व्यापच तेवढा होता. उलट २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओची क्वालिटी तपासणारं टूल तुकड्यांतून परत एका प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांनी उतरला. (संपूर्ण प्राइम व्हिडिओ नाही हं, फक्त ते टूल, लोक हे फार चुकीचं सांगतात.)

म्हणून आता आमच्याकडे ॲप एकच, पण आत मॉड्यूल पक्के. ऑर्डरवाल्या कोडने स्टॉकच्या टेबलला थेट हात लावायचा नाही, स्टॉक मॉड्यूलचं फंक्शनच कॉल करायचं, रिव्ह्यूमध्ये ह्यावर मी अडून बसतो. दोन वर्षांत एकच गोष्ट बाहेर काढावी लागली, पीडीएफ बनवणं, कारण महिनाअखेरीला ते सगळा सीपीयू खायचं आणि बाकीचं ॲप स्लो व्हायचं. सीमा आधीच आखलेली होती, चार दिवसांत वेगळं झालं.